किडा कुणाची वाट पाहतोय?

गोड्या पाण्यातल्या माशांची पोटे उघडून आत काय काय राहते ते पाहण्याच्या कामात माणूस वर्षानुवर्षे घालवतो आणि सगळीकडून त्याला एकच प्रश्न येतो: ‘माशात किडे निघाले, आता हा खायचा की टाकायचा?’ विचारणारा कधी मासे विकणारा असतो, कधी गिऱ्हाईक, कधी शेततळ्यात बीज सोडून बसलेला शेतकरी. प्रश्नामागची किळस खरी असते. मरळीच्या आतड्यालगत वेटोळे करून बसलेला लाल दोरा किंवा कातडीखालची पिवळी गाठ एकदा पाहिली, की पुढचा घास घशाखाली उतरत नाही. पण या कामाने मला जे शिकवले ते या किळसेच्या उलट दिशेला जाते. माशात डोळ्यांना दिसणारा किडा बहुतेक वेळा माणसाला काही करत नाही, कारण माणूस त्याच्या कामाचा नसतो. आणि ज्याची आशियात कोट्यवधी माणसांच्या यकृतात बिऱ्हाडे झाली, तो डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून ‘माशात किडा आहे का’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. विचारायचे असेल तर असे विचारावे, की हा किडा कुणाची वाट पाहतोय?

मासा हे काही जंतांचे घर असते, तर काहींचा नुसता एसटी स्टँड. ज्यांचे तो घर असतो ते तिथेच मोठे होतात, तिथेच अंडी घालतात आणि माशाबरोबरच संपतात. मागूरच्या आतड्यातले बिनसांध्यांचे पट्टकृमी, वामीच्या आतड्यातले लांब पांढरे पट्टकृमी, मरळीच्या आतड्यात काटेरी तोंड रुतवून बसलेले जंत, शिवड्याच्या हवेच्या पिशवीत सापडणारा काळपट, चांगला मोठा चपटा जंत, ही सगळी मुरलेली बिऱ्हाडे. त्यांचे सारे आयुष्य थंड रक्ताच्या शरीराशी जुळवून घेण्यात गेलेले असते. माणसाच्या पोटातली सदतीस अंशांची ऊब त्यांना मानवत नाही. शिवाय त्यातले बहुतेक आतड्यात राहतात, आणि आतडे आपण खात नाही. दुसऱ्या प्रकारचे जंत माशात अळीच्या रूपात असतात. ते वाढत नाहीत, अंडी घालत नाहीत, कोषात पाय पोटाशी घेऊन बसल्यासारखे बसून राहतात. त्यांची गाडी यायची असते, म्हणजे हा मासा कुणीतरी खायचा असतो. तो कुणीतरी बगळा असेल तर आपला संबंध थोडा. मांजर, कुत्रा किंवा माणूस असेल तर मात्र संबंध पुरता.

हा भेद ओळखायला विज्ञानालाही वेळ लागला आणि त्याचे कारणही डोळाच. आपल्याकडे मराठवाड्यात माशांच्या जंतांचा अभ्यास मोठा झाला. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी गोदावरीच्या खोऱ्यातल्या आणि आसपासच्या माशांतून पट्टकृमींच्या नव्या नव्या प्रजाती वर्णन केल्या. जिल्ह्याची, गावाची, गुरुजनांची नावे घेऊन त्या शोधनिबंधांत वावरू लागल्या. पुढे २०११ मध्ये मागूरमधल्या बिनसांध्यांच्या पट्टकृमींची मूळ नमुन्यांवरून फेरतपासणी झाली, तेव्हा भारत आणि शेजारच्या प्रदेशांतून दिलेल्या डझनावारी नावांपैकी आठच प्रजाती टिकल्या. बाकीची नावे एकाच जंताच्या लहानमोठ्या, आक्रसलेल्या किंवा ताणलेल्या नमुन्यांची होती. मी हे हिणवण्यासाठी सांगत नाही; त्या काळची साधने आणि गावोगाव बाजारात फिरून मासे आणण्याची मेहनत मला ठाऊक आहे. मुद्दा वेगळा आहे. जे पोट उघडताच हातात येते ते आपण मोजले, त्याला नाव दिले, त्याचे चित्र काढले. स्नायूत दडलेल्या, टाचणीच्या टोकाहूनही लहान कोषांकडे त्या मानाने कमी डोळे वळले. बाजारातल्या गिऱ्हाइकाची नजर आणि प्रयोगशाळेतली नजर यांत म्हणावे तितके अंतर नव्हते.

आता पक्ष्यांची वाट पाहणारे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूला उभे राहिले, की या जंतांचा संसार एका नजरेत मावतो. उथळ पाण्यात शेवाळ, शेवाळावर गोगलगायी, पाण्यात चिलापी आणि कटला, काठावर बगळे, ढोकरी, पाणकावळे, चित्रबलाक. पक्ष्याच्या तोंडातून किंवा विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या शेकडो होऊन बाहेर पडते, माशाच्या अंगात घुसते आणि कोष करून बसते. ‘पिवळी गाठ’ म्हणून जी दिसते ती क्लिनोस्टोमम नावाच्या जंताची अळी. काही मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारी आणि म्हणूनच गिऱ्हाइकाला घाबरवणारी. तिला पोहोचायचे असते बगळ्याच्या घशात. काही माशांच्या अंगावर तिळासारखे काळे ठिपके दिसतात, त्यातला काळा रंग तर किड्याचा नसतोच. आत शिरलेल्या अळीभोवती माशाने स्वतःच रंगद्रव्याची भिंत बांधलेली असते. तो काळा ठिपका म्हणजे माशाच्या प्रतिकाराची खूण, आणि आपण तीच पाहून मासा फेकतो.

इथे कुणी हरकत घेईल आणि ती बरोबर असेल: पक्ष्याची वाट पाहणारा किडा माणसाला अजिबात काही करत नाही असे कसे म्हणता येईल? तसे मी म्हणतही नाही. कच्चा मासा खाल्ल्यावर क्लिनोस्टोमम माणसाच्या घशालाच चिकटल्याच्या नोंदी जपान आणि कोरियात आहेत. घसा बगळ्याचा काय नि माणसाचा काय, त्याला ऊब आणि ओल सापडली. मरळीतला तो लाल दोरा म्हणजे युस्ट्राँजिलिडिस या गोलकृमीची अळी, तिचाही मुक्काम मत्स्यभक्षी पक्ष्यात. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गळाला लावायचे छोटे मासे जिवंतच गिळणाऱ्या मच्छिमारांच्या आतड्याला या अळीने भोके पाडली. १९८९ मध्ये घरी केलेल्या सुशीतून एकाच्या पोटात ती गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन्हीकडे मासा कच्चा होता, हे लक्षात घ्यावे. शिवाय प्रकरणे इतकी विरळ, की ती मासिकात छापण्याजोगी ठरली. रोज घडणारी गोष्ट कुणी छापत नाही. चुकीच्या स्टँडवर उतरलेला प्रवासी थोडा गोंधळ घालतो, पण तिथे संसार थाटत नाही.

संसार थाटतो तो सस्तन प्राण्याची वाट पाहणारा, आणि त्यातला जो रस्ता चुकतो तो जास्तच धिंगाणा घालतो. नॅथोस्टोमा या गोलकृमीची कथा त्यासाठी बोलकी आहे. रिचर्ड ओवेन या प्राणिशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये त्याचे वर्णन केले ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका वाघाच्या जठराच्या भिंतीतून. वाघ, मांजर, कुत्रा यांच्यासाठी निघालेली त्याची अळी थायलंडसारख्या देशांत मरळीच्या जातीच्या माशांत आणि दलदलीतल्या सापासारख्या माशांत बसलेली असते. ती माणसात आली तर तिला मोठे होता येत नाही, म्हणून ती कातडीखालून भटकत राहते. आज दंडावर सूज, काही दिवसांनी पोटावर, कधी डोळ्यात, क्वचित मेंदूत. ही अळी तीनचार मिलिमीटरची. बारीक पाहिले तर दिसेल, पण मासे कापणाऱ्या बाईने विळीवर तुकडे करताना ती दिसावी अशी अपेक्षा कुणी करू नये.

आणि जो खरोखर माणसाचीही वाट पाहतो, त्या यकृतातल्या चपट्या जंताची पहिली नोंद आपल्याच देशात झाली. १८७४ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जेम्स मॅककॉनेल या डॉक्टरने एका तरुण चिनी सुताराचे शवविच्छेदन केले. त्याच्या पित्तनलिका पानासारख्या चपट्या जंतांनी भरल्या होत्या. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. आज क्लोनॉर्किस म्हणतात तो हा जंत. तो अंगात आला कुठून, हे मात्र बरीच वर्षे कळले नाही. १९१०च्या सुमारास हारुजिरो कोबायाशी या जपानी संशोधकाने त्याची अळी गोड्या पाण्यातल्या माशांच्या मांसात दाखवून दिली, तेव्हा उलगडा झाला. म्हणजे पस्तीसेक वर्षे मोठा जंत यकृतात दिसत होता, आणि तो ज्या दाराने आला ते दार रोज ताटात वाढले जात होते. माशावर संशय येणे कठीणच होते, कारण कापलेला मासा स्वच्छ दिसे. अळीचा कोष मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून मोठा नसतो, पारदर्शक असतो आणि मांसाच्या धाग्यांमध्ये मांसासारखाच दिसतो.

त्याचा थाई-लाओ भाऊ म्हणजे ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी. थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याला ते इसान म्हणतात, भातशेतीच्या पाण्यातले लहान खवलेवाले मासे बारीक कापून त्यात लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाचे पीठ आणि पाला घालून ‘कोई प्ला’ करतात. त्याला चूल लागत नाही. हा गरिबीचा पदार्थ नाही आणि अडाणीपणाचाही नाही. तो आवडीचा, पाहुण्यांसमोर ठेवायचा, चार मित्र जमले की करायचा पदार्थ आहे. जंत पित्तनलिकेत जातो, तिथे दहा दहा वर्षे राहतो, नलिकेच्या आतल्या अस्तराला सतत खरचटत राहतो. बऱ्याच वर्षांनी काहींच्या पित्तनलिकेत कर्करोग उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंताला निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, २००९ मध्ये क्लोनॉर्किसलाही. तंबाखू ज्या रांगेत उभी आहे त्याच रांगेत हे दोन जंत उभे आहेत. या प्रकारच्या कर्करोगाचे जगातले सर्वाधिक प्रमाण खोन काएन प्रांताच्या परिसरात नोंदले गेले. या भागात मासा बघून निवडणाऱ्यांच्या डोळ्यांत काही कमी नव्हते. तळ्याकाठी वाढलेली, मासा हातात घेताच ताजा की शिळा सांगणारी माणसे ती. पण जिथे डोळा चालतच नाही, तिथे तो कितीही तयार असून काय उपयोग?

यावर सर्वांत मोठा पुरावा मला प्रयोगशाळेतली एक साधी पद्धत वाटते. स्नायूतले कोष शोधायचे तर मासा वाटून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पातळ द्रावणात सदतीस अंशांवर ठेवतात. मांस विरघळते, खाली गाळ बसतो, तो धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कोष सापडतात. शाबूत आणि आत हालचाल करणारे. आता हे द्रावण म्हणजे काय? दुसरेतिसरे काही नाही, माणसाच्या जठराची नक्कल. मांस पचते आणि अळी पचत नाही, यावरच ती पद्धत उभी आहे. ‘पोटातल्या आगीत सगळे जळून जाते’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. या अळीसाठी जठर म्हणजे उलट गाडीचे दार उघडल्याची सूचना आहे. जठर ओलांडून लहान आतड्यात आल्यावर तिथल्या रसांच्या स्पर्शाने ती कोष फोडते आणि पित्तनलिकेची वाट धरते. ज्यांना आपल्या पचनशक्तीचा अभिमान आहे त्यांनी हे एकदा पाहावे.

मग लिंबू, मीठ, मिरची, दारू? ही हरकत इसानमध्येही तशीच ऐकू येते आणि आपल्याकडेही. लिंबाच्या रसाने मासा पांढरा पडतो, घट्ट होतो, शिजल्यासारखा दिसतो. आम्लाने प्रथिने गोठतात, तेवढेच. अळी कोषात सुखरूप असते; जी खऱ्या जठराच्या आम्लाला दाद देत नाही ती अर्ध्या लिंबाला काय देणार? मिठाने आणि वाळवण्याने ती शेवटी मरते, पण किती मीठ, किती दिवस, किती जाड मासा यावर सारे ठरते, आणि घरातले प्रमाण दर वेळी वेगळे असते. थोडेच दिवस आंबवलेल्या माशातून जंत माणसात गेल्याचे तिकडे दिसून आले आहे. दारू माशावर न पडता माणसात पडते, एवढे म्हणून पुढे जातो. थंडीचे मात्र वेगळे आहे. गोठवल्याने अळ्या खरोखर मरतात, पण बर्फाच्या पेटीत नव्हे. मासळीबाजारातला बर्फ मासा शून्याच्या आसपास ठेवतो. त्याने मासा टिकतो आणि अळीही टिकते. कच्च्या खाण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलेले माप उणे वीस अंशांवर सात दिवस, किंवा उणे पस्तीस अंशांवर गोठवून पंधरा तास, असे आहे. घरचा फ्रीझर उणे अठराच्या आसपास रेंगाळतो, दार दहादा उघडते आणि वीज जाते ती वेगळी.

उरते ती चूल. माशाच्या तुकड्याच्या मध्यभागी त्रेसष्ट अंश उष्णता पंधरा सेकंद राहिली तरी पुरे, असे तेच प्रशासन सांगते. उकळत्या कालवणात हे माप किती तरी मागे पडते. आपल्या रश्श्यात मासा जितका वेळ रटरटतो तितक्यात या अळ्या एकदा नव्हे, चारदा मरतील. इथे वाचक म्हणेल, मग हा सगळा पसारा कशाला? आपण मासा कच्चा खातोच कुठे? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि बऱ्याच अंशी तो मला मान्यही आहे. क्लोनॉर्किस आणि त्याचा भाऊ आपल्या नद्यांत ठाण मांडून नाहीत. महाराष्ट्रात मासे खाणारी माणसे पिढ्यान् पिढ्या शाबूत राहिली त्याचे श्रेय मासा पारखणाऱ्या डोळ्यांना नाही, कालवणाला आहे. माझा आग्रह इतकाच, की हे श्रेय कुणाचे ते नीट कळले पाहिजे. कारण ज्याला आपण कारण समजतो तेच आपण सांभाळतो. डोळ्याने पारखलेला मासा सुरक्षित, असे ज्याला वाटते तो तोच ‘चांगला’ मासा निखाऱ्यावर अर्धाकच्चा खायला कचरत नाही.

निखाऱ्यावरचा मासा हे आपल्याकडचे खरे कच्चे दार. नदीकाठी, तळ्याकाठी, रात्री जाळे लावून बसणाऱ्यांत मासा सगळाच्या सगळा विस्तवावर टाकतात. बाहेरची कातडी काळी पडते, वास सुटतो आणि काट्याजवळचे मांस अजून काचेसारखे अर्धपारदर्शक असते. जाड तुकडा मोठ्या आचेवर रव्यात घोळवून तळला तरी हेच होते. रवा आधी लाल होतो, मासा नंतर शिजतो. शिजलेले मांस पांढरे, अपारदर्शक होते आणि काट्यापासून आपोआप सुटते. गृहिणींना हे न सांगता कळते. पण निखाऱ्याशी बसलेल्या, घाई झालेल्या, थोडी घेतलेल्या माणसाला ते पाहायचे नसते. आणि हा धोका कागदावरचा नाही. मणिपुरात अर्धेकच्चे खेकडे खाण्यातून फुप्फुसात शिरणारा पॅरागोनिमस हा चपटा जंत १९८०च्या दशकापासून नोंदला जात आहे. थुंकीतून रक्त येते, म्हणून कित्येकांवर क्षयाचे उपचार होत राहतात. तो मासा नव्हे, खेकडा, हे खरे. पण गोगलगाय, पाण्यातला प्राणी आणि अर्धवट विस्तव ही साखळी तीच, आणि ओढ्यातले खेकडे भाजून खाण्याची आवड सह्याद्रीलाही परकी नाही. दुसरे दार नवे आहे. शहरांतल्या कच्च्या माशाच्या पदार्थांचे पाहून घरी करून बघणारा स्वयंपाकी समुद्राचा महाग मासा न मिळाल्यास तळ्याचा स्वस्त मासा घेतो. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाण्यासाठी नाहीच, एवढे त्याला कुणी सांगितलेले नसते. तिसरे दार अगदी लहान: चव बघणारी जीभ आणि ज्या सुरीने मासा कापला त्याच सुरीने चिरलेली काकडी. ज्यू घरांत माशाच्या वाटणाची चव कच्चेपणीच बघण्याच्या सवयीतून पट्टकृमी झाल्याचे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत नोंदलेले आहे. स्वयंपाक करणाऱ्यांना होई, जेवणाऱ्यांना नाही.

किडके मासे म्हणजे घाण पाणी, अशी एक समजूत शिकलेल्यांतही असते. ती मला अर्धवट वाटते. ज्या जंताला जगायला गोगलगाय, मासा आणि बगळा असे तीन यजमान लागतात, तो तिथेच टिकतो जिथे तिन्ही टिकून असतात. विषारी रसायने सोडलेल्या नाल्यात गोगलगायी मरतात, पक्षी येईनासे होतात आणि मासा ‘स्वच्छ’ निघतो. उलट विदर्भातल्या एखाद्या जुन्या मालगुजारी तलावात, जिथे कमळे आहेत, बगळे आहेत आणि ढिवरांची जाळी आहेत, तिथल्या माशात जंत सापडणारच. सांडपाण्याने खत मिळून शेवाळ आणि गोगलगायी माजल्या तर जंत वाढतात, हेही खरे; म्हणून जंतावरून पाण्याची परीक्षा एका वाक्यात करता येत नाही. पण एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. जर्मनीत १९९०च्या दशकात संशोधकांनी एका नदीतल्या माशांच्या आतड्यातले काटेरी तोंडाचे जंत तपासले, तेव्हा त्यांच्यात शिसे त्या माशाच्या मांसाच्या हजारो पट भरलेले निघाले. माशाच्या मांसात शिसे नगण्य होते. तिथे माणसाने घाबरण्यासारखे काही असेल तर ते पाण्यातले शिसे, जंत नव्हे. जंत बिचारा शिशाची खबर देत होता. शिसे उकळून जात नाही. अळी उकळून जाते. तरी गिऱ्हाईक अळीला घाबरते, कारण ती दिसते.

शेततळ्यातला मासा बिनजंताचा, हा दिलासाही मी जपून देईन. तळे नवे असेल, काठ साफ असेल, पक्ष्यांवर जाळी असेल तर साखळी तुटते. पण व्हिएतनामात माशांच्या रोपवाटिकांचाच अभ्यास झाला तेव्हा माणसाला बाधणाऱ्या चपट्या जंतांचे कोष पिलांमध्येच चढत असल्याचे दिसले. कारण तळ्यात डुकराचे आणि माणसाचे मलमूत्र खत म्हणून जाई, काठावर कुत्री-मांजरी हिंडत आणि गोगलगायींना मुबलक खाणे होते. मासा पाळीव झाला म्हणजे त्याचे जंत पाळीव होतात असे नाही. आपल्याकडे बीज कुठून आले, तळ्यात शेण किती टाकले जाते आणि काठावर गोगलगायी किती, हे तीन प्रश्न मासा मोठा झाल्यावर विचारण्यापेक्षा बीज सोडण्याआधी विचारावेत. औषधे टाकून तळे ‘जंतमुक्त’ करण्याच्या जाहिरातींवर मात्र माझा विश्वास बसत नाही. कोषात बसलेल्या अळीपर्यंत पाण्यात टाकलेले औषध सहसा पोहोचत नाही, आणि गोगलगायी मारायला टाकलेले मोरचूद माशालाही सोडत नाही.

मग दिसणाऱ्या किड्याचे काहीच महत्त्व नाही का? आहे, पण ते चवीचे, नजरेचे, बाजाराचे. युरोपीय संघाच्या अन्नकायद्यात हा भेद चांगला उतरला आहे: माशाची डोळ्यांनी तपासणी करून उघडउघड जंत दिसणारा मासा बाजारात आणायचा नाही, हे एक कलम, आणि कच्चा खायचा मासा ठरलेल्या थंडीत गोठवलाच पाहिजे, हे दुसरे. पहिले कलम किळसेची कदर करते, दुसरे अळी मारते, आणि पहिल्याने दुसऱ्याचे काम होईल असे तो कायदा मानत नाही. आपल्या बाजारात दुसऱ्याची गरज क्वचित, पहिल्याचा मात्र अतिरेक होतो. एका पिवळ्या गाठीसाठी अख्खी टोपली नाकारली जाते, भाव पडतो आणि त्या दिवशीचा तोटा भोई-ढिवरांच्या घरात जातो. गाठी थोड्या असतील तर तेवढा भाग काढून टाकावा. सगळ्या अंगभर असतील, मांस पिचपिचीत झाले असेल, तर मासा नाकारावा, कारण तो खाण्यासारखा उरलेला नसतो. पोट लवकर साफ करणे केव्हाही चांगले; मासा मेल्यावर पोटातले काही जंत मांसाकडे सरकतात. पण पोट काढले म्हणजे स्नायूतले कोष गेले, असे मात्र समजू नये.

आणि ते काढलेले पोट जाते कुठे, याकडे लक्ष जात नाही. मासे कापणाऱ्या बाईच्या फळीखाली आतड्यांचा ढीग, त्याच्यापाशी दोन मांजरी, जरा दूर एक कुत्रे. चार पावलांवर, पाण्याच्या कडेला, मान आखडून बगळा उभा असतो; उरलेला ढीग संध्याकाळी पाण्यात ढकलला जातो तेव्हा तो पुढे सरकतो. गाडीची वाट पाहणाऱ्या अळ्यांपैकी काहींची गाडी तिथेच लागते. बगळ्याच्या घशात त्या मोठ्या होतात, काही दिवसांनी तो तळ्यात चोच बुडवतो आणि अंडी पुन्हा पाण्यात पडतात, गोगलगायींच्या शेजारी. ढीग खड्ड्यात पुरला किंवा शिजवून मांजरांना घातला तर ही फेरी तिथे थांबते. खड्डा खणायला लागतो अर्धा तास, आणि तो कुणाच्याच कामात धरलेला नसतो.